घरच्या तंदुरी कोळंबीला पाणी का सुटतं, मसाला का गळतो आणि त्यावर काय करायचं

घरी काडीवरची तंदुरी कोळंबी करणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते, सांगण्याची तऱ्हा तेवढी वेगळी. कोणी म्हणतं मसाला सगळा ट्रेमध्ये उतरला आणि काडीवर नुसती गुलाबी कोळंबी राहिली, कोणी म्हणतं ते काळपट डाग काही केल्या पडत नाहीत, उकडल्यासारखी दिसते, कोणी म्हणतं चावताना चिवट लागते. मग पुढच्या वेळी मसाला बदलतात, तिखट वाढवतात, दुसऱ्या कंपनीचा तंदुरी मसाला आणतात, आणि परत तेच होतं. मसाल्याचा इथे काही दोष नसतो. या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी पाणी आहे, आणि ते कुठून कुठून येतं हे एकदा कळलं की अर्ध्याहून जास्त काम झालं.

आधी हे का होतं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. कोळंबीचा वरचा भाग ओला आहे तोपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जातच नाही, कारण सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात जाते. खरपूस रंग आणि तो भाजका वास यायला साधारण १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. हॉटेलातला तंदूर ४०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेला असतो, तिथे वरचं पाणी बघता बघता उडतं, म्हणून त्यांचं थोडं ओलं असलं तरी खपून जातं. आपला घरचा ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा विजेचा ओव्हन, २३० नाहीतर फार तर २५० ला थांबतो. त्यात ओली कोळंबी ठेवली की पहिली काही मिनिटं पाणी आटण्यातच जातात, आणि कोळंबी तर इतकी पटकन शिजणारी की आत साठ-बासष्ट अंश झाले की ती तयार असते. म्हणजे वर रंग यायची वाट बघत बसलो की तोवर आतलं मांस आवळून येतं, स्वतःचं पाणी बाहेर फेकतं, ते पाणी परत मसाला धुऊन काढतं आणि वरचा भाग परत ओला. हे चक्र एकदा सुरू झालं की आच वाढवून काही उपयोग होत नाही. पाणी आधीच काढावं लागतं. ओले बोंबील आपण वजनाखाली दाबून पाणी काढल्याशिवाय तव्यावर टाकत नाही ना, तसंच इथेही, फक्त दाबायचं नाही, पुसायचं.

आता हे पाणी येतं कुठून. पहिली जागा म्हणजे खुद्द कोळंबी. बाजारातून आणलेली ताजी असेल तर धुतल्यावर चाळणीत नुसती निथळून भागत नाही. साल काढून, पाठीवरचा काळा दोरा काढून, धुऊन झाल्यावर ती एका सुती कापडावर नाहीतर टिश्यूवर एका थरात पसरायची, वरून दुसरं कापड ठेवून हलक्या हाताने टिपायची. पाठीवर जो काप देतो त्याच्या आत पाणी साठून राहतं, तिथेही टिपायचं, हे बरेच जण विसरतात. कापडाला लावली आणि कापड ओलं झालं नाही, इतपत कोरडी हवी.

फ्रोझन असेल तर जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. एकतर त्यावर बर्फाचा पातळ थर दिलेला असतो म्हणजे तेवढं वजन आपण पाण्याचंच घेतो, आणि दुसरं म्हणजे बऱ्याच पाकिटांमधली कोळंबी फॉस्फेटच्या पाण्यात ठेवलेली असते जेणेकरून ती जास्तीचं पाणी शोषून धरून ठेवेल. पाकीट उलटं करून घटक वाचा, सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट किंवा ई ४५१ असं लिहिलेलं दिसलं तर तव्यावर, ओव्हनमध्ये तिला बऱ्यापैकी पाणी सुटणार हे धरून चाला. खाण्याला ती चालते, पण ग्रिलसाठी पर्याय असेल तर ज्यात फक्त कोळंबी किंवा कोळंबी आणि मीठ एवढंच लिहिलंय ते पाकीट घ्या, फरक स्पष्ट जाणवतो. बर्फ सोडवायची पद्धत पण महत्त्वाची. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत ठेवायची, चाळणीखाली भांडं, म्हणजे सुटलेल्या पाण्यात ती भिजत पडत नाही. घाई असेल तर बंद पिशवीसकट गार पाण्यात. ओट्यावर तासन्‌तास ठेवू नका आणि गरम पाणी तर अजिबात नको, बाहेरून अर्धवट शिजते आणि आत बर्फ तसाच.

परदेशात राहणाऱ्यांसाठी इथेच एक सांगून टाकते. तिकडे सुपरमार्केटमध्ये जी सुरेख गुलाबी कोळंबी मिळते ती बहुतेक आधीच शिजवलेली असते, तिला परत ग्रिलवर टाकली की चिवट होणारच, मसाला कितीही चांगला असो. कच्ची राखाडी दिसते, तीच घ्या. आणि पाकिटावर १६/२० किंवा २१/२५ असा आकडा असतो तो म्हणजे एका पौंडात किती नग येतात. काडीसाठी १६/२० सगळ्यात छान, २१/२५ पण चालेल, त्याहून लहान असेल तर काडीचा नाद सोडा आणि तव्यावर सुकी करा. लहान कोळंबी वर रंग येईपर्यंत टिकतच नाही.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात बाजारात मोठी कोळंबी दिसली तर ती बहुतेक तळ्यातली किंवा फ्रोझन. तळ्यातली म्हणजे मुख्यतः वेनामी जातीची कोळंबी, २००९ पासून आपल्या देशात तिची शेती होतेय आणि आंध्रातून सगळ्यात जास्त येते. काही जण वेनामी म्हटलं की नाक मुरडतात, पण काडीसाठी ती मला आवडते, साल पातळ, आकार एकसारखा, चव गोडसर. एकसारखा आकार काडीवर फार कामाचा, नाहीतर एक कच्ची आणि शेजारची करपलेली असं होतं. फक्त वास बघून घ्या, अमोनियासारखा उग्र वास आला तर कुठलाही मसाला तिला वाचवू शकत नाही, टाकून द्या.

दुसरी जागा दही. साधं दही कितीही घट्ट दिसलं तरी त्यात भरपूर पाणी असतं. मलमलच्या फडक्यात बांधून किमान तीन-चार तास टांगा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर उत्तम. श्रीखंडाला लागतो तसा चक्का हवा, चमच्याने उचलला तर तसाच राहणारा. पाव किलो दह्याचा साधारण १०० ग्रॅमच्या आसपास चक्का पडतो आणि अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला तेवढा पुरतो. (डोकं-सालासकट आणत असाल तर साफ केल्यावर साधारण अर्धीच हातात येते, त्या हिशोबाने आणा.) बाजारातलं ग्रीक योगर्ट वापरत असाल तर तेही तासभर टांगा.

तिसरी जागा, जी कोणाच्या लक्षात येत नाही, आलं-लसणाची पेस्ट. मिक्सरमध्ये फिरत नाही म्हणून आपण पाणी घालतो आणि तेच पाणी मसाल्यात जातं. पाण्याऐवजी तेल घालून वाटा किंवा सरळ किसून, ठेचून घ्या, आणि आल्याचा जास्तीचा रस पिळून काढा. आल्याचं आणखी एक आहे. ताज्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, कच्च्या पपईत असतं तसंच. मटणाला ते वरदान आहे पण कोळंबीचं मांस मुळातच नाजूक, तिला रात्रभर आल्यात ठेवली की सकाळी पिठूळ, मऊ लगदा. त्यामुळे चिकन टिक्क्याची रेसिपी उचलून तीच कोळंबीला लावू नका. पपई तर मुळीच नको. ज्यांची कोळंबी चिवट न होता उलट मऊ पचपचीत होते त्यांनी सगळ्यात आधी मसाल्यात किती वेळ ठेवली ते तपासा, कारण बहुतेक वेळा तिथेच उत्तर सापडतं. (डोकं असलेली कोळंबी खूप वेळ तशीच ठेवली तरी मऊ पडते, डोक्यातली पाचक एन्झाइम्स अंगात उतरतात, म्हणून आणल्या आणल्या डोकी काढा.)

लिंबाचंही तसंच. लिंबाच्या आंबटपणाने कोळंबी विस्तवाशिवायच पांढरी व्हायला लागते, म्हणजे शिजायलाच लागते म्हणा ना. मग पुढे ग्रिलवर ती दुसऱ्यांदा शिजते. हॉटेलात दोनदा मसाला लावायची पद्धत आहे, आधी मीठ-लिंबू-आलं-लसूण आणि नंतर दह्याचा, ती तंदुराच्या धगीसाठी ठीक आहे, पण घरी मी लिंबू पूर्ण काढून टाकते आणि शेवटी ताटात पिळते. आंबटपणाला चक्का पुरेसा असतो.

मग पहिल्या टप्प्यात काय करायचं, तर मीठ आणि सोडा. अर्धा किलो टिपलेल्या कोळंबीला चहाचा अर्धा चमचा मीठ आणि चहाचा पाव चमचा खायचा सोडा चोळून फ्रीजमध्ये वीस-पंचवीस मिनिटं ठेवायची, झाकण न ठेवता. सोड्याने मांसाचा आंबटपणा कमी होतो, शिजताना ते कमी आवळतं आणि स्वतःतलं पाणी धरून ठेवतं, चावताना तो कुरकुरीत ताठपणा येतो जो हॉटेलात लागतो. पाव चमच्याच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते. फॉस्फेटवाल्या पाकिटातली असेल तर सोडा वगळा, तिच्यावर ते काम आधीच झालंय. नंतर धुवायची नाही, फक्त परत एकदा टिपायची.

आता मसाला कसा धरून ठेवायचा ते. इथे खरा आधार बेसनाचा आहे आणि त्याला पर्याय शोधू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॉर्नफ्लोअर घातलं की वर चिकट पापुद्रा येतो, तांदळाच्या पिठाने भज्यासारखं लागतं. दीड मोठा चमचा बेसन मंद आचेवर कोरडंच भाजायचं, खमंग वास सुटला आणि रंग जरा बदलला की बंद. कच्चं बेसन घातलं तर कोळंबी जेवढ्या वेळात शिजते तेवढ्या वेळात ते शिजत नाही आणि तोंडात पिठासारखं राहतं, मसाला कच्चट लागतो ही तक्रार बरेचदा याचीच असते. मोहरीचं तेल दोन मोठे चमचे, धूर येईपर्यंत तापवून थोडं निवलं की त्यात एक मोठा चमचा काश्मिरी मिरची पावडर घालायची, रंग तेलात उतरतो आणि मग खाण्याचा लाल रंग घालायची गरजच पडत नाही. तेल फार गरम असताना घातली तर मिरची करपते, हात जवळ नेऊन बघा. हे तेल, बेसन, चक्का, एक मोठा चमचा आलं-लसूण, चिमूटभर हळद, अर्धा चमचा गरम मसाला, हातावर चोळलेला अर्धा चमचा ओवा, भाजून चुरलेली कसुरी मेथी. ओवा चुकवू नका, माशांबरोबर त्याचं जमतंच आणि बेसनालाही तो लागतो. मोहरीचं तेल घरात चालत नसेल तर शेंगदाण्याचं घ्या, चव वेगळी होईल पण काम होईल.

मसाला इतका घट्ट हवा की भांडं तिरकं केलं तरी हलला नाही पाहिजे. पातळ वाटला तर आणखी थोडं भाजलेलं बेसन. मीठ मसाल्यात अगदी चिमूट, कारण कोळंबीला आधीच लावलंय आणि जास्तीचं मीठ परत पाणी ओढून काढतं. लावल्यावर अर्धा तास, फार तर पाऊण तास. सकाळी लावून संध्याकाळी पाहुणे आले की भाजू असा बेत असेल तर मसाला सकाळी करून ठेवा, कोळंबी साफ करून कोरडी ठेवा, आणि दोन्ही एकत्र पाहुण्यांची बेल वाजली की करा.

कोळशाच्या धुराचा वास हवा असेल तर तो कोळंबीला न देता या मसाल्याला द्या. बहुतेक जण भाजून झाल्यावर भांड्यात निखारा ठेवून झाकण घालतात, त्या झाकणाखाली वाफ धरते, वरचा खरपूस थर ओला होतो आणि कोळंबी आतल्या आत शिजत राहते. त्यापेक्षा मसाल्याच्या भांड्यात मधोमध वाटी, वाटीत फुललेला निखारा, त्यावर अर्धा चमचा तूप आणि दोन-तीन मिनिटं झाकण. तेल आणि चक्का धुराचा वास छान धरून ठेवतात. हे करताना खिडकी उघडी, आणि कोळशाची शेगडी घरात किंवा बंद गॅलरीत पेटवायची नाही, कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि जीव घेतो.

काड्यांचं थोडक्यात. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात, आणि उघडं टोक फॉइलमध्ये गुंडाळा. उलटताना कोळंबी काडीवर गोल फिरते आणि भाजलेली बाजूच परत खाली येते यावर उपाय म्हणजे दोन काड्या समांतर, एक शेपटीजवळून आणि एक डोक्याकडच्या जाड भागातून. स्टीलच्या असतील तर चपट्या घ्या. ओवताना मसाला निघाला तर वरून परत लिंपा. दोन कोळंब्यांमध्ये बोटभर जागा, चिकटून ओवल्या तर मधल्या फटीत वाफ कोंडते.

आता भाजणं. ओटीजीत सगळ्यात मोठी गडबड म्हणजे काड्या ट्रेमध्ये आडव्या झोपवणं, कारण मग सुटलेल्या थेंबभर पाण्यातच त्या शिजतात. काडीची दोन्ही टोकं ट्रेच्या कडांवर टेकवा म्हणजे कोळंबी अधांतरी राहील, किंवा ट्रेवर जाळी ठेवा. पूर्ण तापमानावर किमान पंधरा मिनिटं तापवा, मग फक्त वरचा रॉड, आणि रॅक सगळ्यात वर. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये रॉड बंद करतो, तर तो लालबुंद दिसत असतानाच काड्या आत घाला. मोठ्या कोळंबीला एकूण सहा ते आठ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. तुमचा ओटीजी तेवढ्यात रंग देत नसेल तर वेळ वाढवू नका, पाच-सहा मिनिटांनी बाहेर काढा आणि गॅसच्या मोठ्या ज्योतीवर जाळी ठेवून दोन्ही बाजू काही सेकंद दाखवा, ते डाग तिथे येतात. एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर सहा-सात मिनिटं, काड्या तोडून लहान करा, वाऱ्यामुळे वरचा भाग लवकर सुकतो त्यामुळे ज्यांचा ओटीजी कमजोर आहे त्यांना मी हेच सुचवेन.

तव्यावर करायची तर बिडाचा तवा, नॉनस्टिक नको, एवढ्या आचेवर रिकामा तापवला की त्याचा थर खराब होतो. तवा चांगला तापू द्या, तेल तव्याला न लावता कोळंबीला लावा, एका वेळी दोनच काड्या, आणि ठेवल्यावर दीड मिनिट हात लावू नका. खरपूस थर धरला की ती स्वतःच सुटते, त्याआधी ओढली तर मसाला तव्याला राहतो. खऱ्या कोळशावर करत असाल तर ज्वाळा विझून निखाऱ्यांवर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, चार बोटं वर हात धरला तर दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला पाहिजे. तिथे एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला दीड.

झाली की नाही हे रंगावरून ठरवू नका. लाल-केशरी रंग तिच्या अंगातच असतो, गरम झाल्या झाल्या मोकळा होतो, आत कच्ची असतानाही. पाठीवर जो काप दिलाय तो सगळ्यात जाड भागात बघा, काचेसारखं राखाडी जाऊन पांढरं झालं त्या क्षणी काढा. इंग्रजी सी सारखा बाक आला असेल तर बरोबर, गोल कडं झालं असेल तर वेळ निघून गेली. आणि बटर शेवटच्या अर्ध्या मिनिटात, आधी लावलं तर त्यातलं पाणी मसाला भिजवतं आणि दुधाचा अंश करपतो.

इतकं करूनही पाणी सुटलंच तर फॉस्फेटवाली कोळंबी आहे असं समजा. काड्या लगेच बाहेर काढा, ट्रेमधलं पाणी ओतून टाका, कोळंबी टिश्यूने वरवर टिपा, ब्रशने थोडं तेल लावा आणि थेट ज्योतीवर संपवा. परत त्याच ट्रेत घालू नका. आधीच चिवट झाली असेल तर काडीवरून उतरवून बारीक चिरा आणि कांदा-टोमॅटोवर अगदी शेवटी घालून पावाबरोबर खा, परत गरम करत बसू नका.

भांड्यात उरलेला मसाला कच्च्या कोळंबीचा आहे, तो भाजलेल्या काडीवर वरून लावू नका. कढईत कांदा परतून त्यात घाला, थोडं पाणी घालून चांगली उकळी येऊ द्या, भाताबरोबर छान लागतो.